अंतर नसलेल्या अवकाशाचे मोजमाप: टोपॉलॉजीकडे वळणाऱ्यांसाठी

एम.एस्सी.ला असताना एका सेमिनारमध्ये मी फळ्यावर लिहिले, ‘या अवकाशात गणनीय घन उपसंच आहे, म्हणून त्याला गणनीय आधारही आहे.’ (गणनीय म्हणजे ज्याचे घटक १, २, ३ असे क्रमांक देऊन मोजता येतात तो संच; घन म्हणजे प्रत्येक अरिक्त विवृत संचाला स्पर्श करणारा; आणि आधार म्हणजे ज्यांच्या संयोगांतून सर्व विवृत संच मिळतात असा संचांचा संग्रह.) मेट्रिक अवकाशात, म्हणजे जिथे बिंदूंमधील अंतर मोजता येते तिथे, हे खरे असते, कारण घन उपसंचातील प्रत्येक बिंदूभोवती परिमेय त्रिज्यांचे गोल घेतले की आधार मिळतो. परंतु माझ्या अवकाशात अंतरच नव्हते, मग त्रिज्या कुठून येणार? ही चूक उमजायला मला सोर्गेनफ्री रेषेने मदत केली आणि नवीन विद्यार्थ्यांनीही तिच्यापासूनच सुरुवात करावी, असे मला मनापासून वाटते.

सोर्गेनफ्री रेषा मिळवण्यासाठी वास्तव संख्यांवर [अ, ब) या, अ धरून ब वगळणाऱ्या, अर्धविवृत अंतरालांचा आधार घ्या. परिमेय संख्या येथेही घन आहेत, म्हणजे घनता (सर्वांत लहान घन उपसंचाचा आकार) गणनीय आहे. आता कोणताही आधार घेतला, तरी प्रत्येक संख्या क्ष साठी त्यात असा एक संच असावाच लागतो, की जो [क्ष, क्ष+१) मध्ये सामावतो आणि ज्यात क्ष असतो, त्या संचाचा लघुतम घटक क्ष हाच असल्याने वेगवेगळ्या संख्यांना वेगवेगळे संच मिळतात. म्हणून सर्वांत लहान आधाराचा आकार, म्हणजेच ‘वेट’, वास्तव संख्यांएवढा भरतो. मेट्रिक अवकाशात घनता, वेट आणि लिंडेलॉफ संख्या, म्हणजे कोणत्याही विवृत आच्छादनातून जास्तीत जास्त किती संच ठेवून भागते ती संख्या, (अनंत असताना) एकच असतात. अंतर गेले, की त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. ही सिद्धता पुस्तक मिटून स्वतः लिहून पाहा.

त्यानंतरच अलेक्झांडर आर्खांगेल्स्की यांच्या 1969च्या प्रमेयाकडे जावे. प्रत्येक बिंदूपाशी गणनीय स्थानिक आधार (त्या बिंदूभोवतीच्या कोणत्याही विवृत संचात ज्यातला एक तरी संच मावतो असा, त्या बिंदूभोवतीच्या विवृत संचांचा संग्रह) असलेल्या कॉम्पॅक्ट (प्रत्येक विवृत आच्छादनातील सांत संच पुरतात असा) हाउसडॉर्फ (कोणतेही दोन बिंदू परस्परविभक्त विवृत संचांनी वेगळे करता येतात असा) अवकाशात वास्तव संख्यांपेक्षा जास्त बिंदू असू शकत नाहीत, हे त्यातून निघते. अलेक्झांड्रॉफ आणि उरिसोन यांचा हा प्रश्न अनेक दशके अनुत्तरित होता. स्थानिक आधाराची अट किती मोलाची आहे, हे नैसर्गिक संख्यांच्या स्टोन-चेक संहतीकरणावरून (त्यांना नवे बिंदू जोडून मिळणाऱ्या सर्वांत मोठ्या कॉम्पॅक्ट हाउसडॉर्फ अवकाशावरून) कळते: तोही कॉम्पॅक्ट हाउसडॉर्फ, त्याची घनताही गणनीय, पण बिंदू मात्र वास्तव संख्यांच्या घात संचाएवढे (त्यांच्या सर्व उपसंचांच्या संचाएवढे).

प्रमेयाच्या सिद्धतेआधी क्रमवाचक संख्यांची (अनंतापलीकडेही पायऱ्या मोजणाऱ्या संख्यांची) उजळणी अवश्य करा. तेथे एक संच पहिल्या अगणनीय क्रमवाचकाएवढ्या पायऱ्यांनी वाढवत न्यावा लागतो आणि तेवढ्याच पायऱ्या का, हे मला फार उशिरा कळले: त्या संचातील कोणताही गणनीय उपसंच कुठल्या तरी आधीच्याच पायरीवर पूर्ण आलेला असतो.