ॲम्ब्युलन्समधून उतरताना: नव्या पॅरामेडिकसाठी

बारा वर्षं ॲम्ब्युलन्सवर आहे. नवीन मुलं-मुली रुजू झाली की पहिल्याच आठवड्यात हमखास विचारतात, "ताई, रक्त बघून त्रास होत नाही?" होतो, पण दोनेक महिन्यांत डोळे सरावतात, नाकही सरावतं. मनात रुतून बसतं ते वेगळंच. जिना चढण्यात गेलेला वेळ. दोन कॉलपैकी आधी कुठे गेलो ते. कॅज्युअल्टीत बेड मिळेना म्हणून दारातच स्ट्रेचर धरून उभे असताना वायरलेसवर पुन्हा पुन्हा ऐकू येणारा, आपल्याच भागातला, कोणीच न घेतलेला कॉल.

जोनाथन शे या मानसोपचारतज्ज्ञांनी व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांवर उपचार करताना, १९९०च्या दशकात, अशा दुखण्याला 'मॉरल इंज्युरी' म्हटलं. जे बरोबर आहे असं आतून वाटतं, त्याच्या उलट वागावं लागलं किंवा वरच्यांनी वागायला लावलं, की होणारी ही जखम. थकवा झोपेने उतरतो, ही उतरत नाही. म्हणून शिफ्ट संपल्यावर गणवेश बदलता बदलता स्वतःला एवढंच विचारा: मी दमलेय, की मला कशाची तरी लाज वाटतेय, की कोणाचा तरी राग आलाय? दमला असाल तर सरळ घरी जाऊन झोपा. बाकी दोन्हींसाठी वही काढा.

वही साधी, खिशात मावेल अशी. पान मधोमध दुमडायचं. डावीकडे 'तेव्हा काय माहीत होतं', उजवीकडे 'नंतर काय कळलं'. पेशंटचं नाव नाही, पत्ता नाही, फक्त वेळा आणि गोष्टी. मला ही युक्ती कोणी शिकवली नाही. एका चष्म्यामुळे सुचली.

पहाटे २:१४ चा कॉल होता. "बाबा खुर्चीतून उठत नाहीयेत." सातवा मजला, लिफ्ट बंद. दारात पोहोचलो तेव्हा २:२५. तोवर छातीवर कोणीच दाब दिला नव्हता. त्यांना खाली जमिनीवर घेतलं आणि सीपीआर सुरू केला. मिनिटाला १०० ते १२०, निदान ५ सेंटीमीटर खोल, ३० दाब, २ श्वास. मास्क बसवताना मी त्यांचा चष्मा काढला आणि पायाखाली येऊ नये म्हणून माझ्या वरच्या खिशात टाकला. ते वाचले नाहीत. त्यांच्या पत्नीने मला विचारलं, "पाच मिनिटं आधी आला असतात तर?" चढून चढून माझे पाय अजून थरथरत होते. मी काहीच बोलले नाही.

शिफ्ट सुटल्यावर चष्मा खिशातच सापडला. डाव्या काचेवर बोटाचा ठसा होता, त्यांचा की माझा कोण जाणे. परत जाऊन तो कॅज्युअल्टीत पेशंटच्या सामानात जमा केला, सही केली. मग तीन आठवडे मला एकच गोष्ट खात राहिली: चौथ्या मजल्यावर बॅगचा हात बदलायला मी थांबले होते. असतील वीस सेकंद.

शेवटी ते कागदावर मांडलं. डावीकडे: लिफ्ट बंद आहे हे कॉलवर सांगितलं नव्हतं, बॅग जड, वीस सेकंद थांबले. उजवीकडे: त्यांची शुद्ध हरपली त्यानंतर सात-आठ मिनिटांनी फोन झाला होता, हे सुनेने नंतर सांगितलं. हृदय बंद पडल्यावर सीपीआर किंवा शॉक मिळाला नाही, तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. मी चौथ्या मजल्यावर होते तोवर हिशेब जवळजवळ संपला होता. वाईट वाटायचं थांबलं नाही. फक्त ते वीस सेकंद वीस सेकंदांएवढे झाले, त्याआधी ते अख्ख्या रात्रीएवढे होते.

पण वही निर्दोष सुटण्यासाठी नाही, हे आधीच सांगते. माझ्या वहीत एक पान असं आहे की डावीकडेच लिहिलंय, 'माहीत होतं'. ऑक्सिजनचा सिलिंडर बघायचा राहिलाय हे मला माहीत होतं, गाडी निघाली म्हणून मी गप्प बसले. पेशंट नशिबाने सुखरूप पोहोचला. अशा पानावर मनाची समजूत घालत बसू नका. त्याच दिवशी सुपरवायझरला सांगा, ओरडा खा. तेव्हापासून गाडीत बसले की माझा हात आधी गेजकडे जातो.

आणि तिसरी पानं, जी ना तुमच्या चुकीची, ना कळण्या-न कळण्याची. गाड्या कमी, बेड नाहीत, पेशंट ताब्यात घ्यायला, हँडओव्हर घ्यायला माणूस नाही. ती पानाच्या मागे लिहा: किती वाजता पोहोचलो, किती मिनिटं दारात थांबलो. महिनाअखेर वेळांसकट लेखी द्या. बहुतेकदा काही होत नाही. तरी द्या. ते ओझं ज्याच्या टेबलावरचं आहे, त्याच्या टेबलावर ठेवून यायचं.

मोठ्या अपघातातला ट्रायज, म्हणजे कोणाला आधी उपचार द्यायचे हे ठरवणं, वेगळा जाचतो. कॅलिफोर्नियात १९८३ साली तयार झालेल्या 'स्टार्ट' पद्धतीत एका जखमीला साधारण ३० ते ६० सेकंद मिळतात. श्वासमार्ग उघडूनही श्वास नसेल तर काळी पट्टी, म्हणजे वाचण्याची आशा नाही अशी खूण, बांधायची आणि पुढे सरकायचं. वर्गात हे सोपं वाटतं. अपघाताच्या जागी हात पुढे जातात, पाय जात नाहीत. मी जोडीदाराला ऐकू जाईल असं मोठ्याने म्हणते, "काळी. पुढे." निर्णय दोघांच्या कानांवर पडला की तो एकट्याच्या मनात कुजत नाही. मदत वाढली की शक्य असेल तर काळ्या पट्टीपाशी परत जा. पुन्हा तपासा. काहीच नसेल तर निदान चादर नीट करा.

आता नातेवाइकांशी बोलणं. मृत्यू सांगायची वेळ तुमच्यावर आली तर 'गेले' म्हणू नका. मी एकदा म्हटलं, "तुमचे वडील गेले." मुलगा म्हणाला, "कुठे नेलं?" तो वेडा नव्हता, त्या क्षणी कान तेवढंच ऐकतात. "त्यांचा मृत्यू झाला आहे", असं एकच स्पष्ट वाक्य बोला, मग गप्प राहा. गप्प राहणं फार अवघड जातं, तोंडातून "आम्ही खूप प्रयत्न केले" आपोआप येतं. ते नंतर. जिथे हे सांगायचा अधिकार फक्त डॉक्टरांचा, तिथे दिसतंय ते सांगा: "हृदय चालत नाहीये, आम्ही ते बाहेरून चालवतोय." "सगळं ठीक होईल" मात्र कधीच नाही. तीन मिनिटांची सुटका मिळते आणि ते वाक्य त्यांच्या घरात कायमचं राहतं.

गाडीत आम्ही काळे विनोद करतो, कोणी काहीही म्हणो. दरवाजे बंद असताना, स्ट्रेचर रिकामं असताना. रोज रात्री फोन करणाऱ्या दारुड्याला बघून एकदा माझ्या तोंडून आधी विनोद आला आणि मग शुगर तपासली. ती फार कमी होती. तेव्हापासून नियम केलाय, आधी ग्लुकोमीटर, मग जीभ.

झोपेबद्दल थोडक्यात: सलग सतरा तास जागलेल्या माणसाची कामगिरी दारू प्यायलेल्यासारखी घसरते, हे प्रयोगांत मोजलेलं आहे. डबल शिफ्ट नाकारणं हा नाजूकपणा नाही.

वाईट कॉलनंतर सगळ्यांना गोल बसवून "बोला, बोला" करायची पद्धत काही ठिकाणी आहे. जागतिक आरोग्य संघटना अशा एका बैठकीतल्या डीब्रीफिंगची शिफारस करत नाही. ज्याला बोलायचंय त्याच्याजवळ बसा, ज्याला नाही त्याला स्ट्रेचर पुसू द्या. पण तेच दृश्य महिनाभरानंतरही झोपेत येत असेल, त्या रस्त्याने जाणं टाळत असाल, सायरनला दचकत असाल, तर वही पुरणार नाही, मानसोपचारतज्ज्ञ गाठा. जीव नकोसा वाटत असेल तर महिन्याची वाट बघू नका, आजच.

घरच्यांसाठी मी तीन उत्तरं ठरवून ठेवलीत, कारण दारात पाऊल टाकताच "कसा गेला दिवस?" येतोच. 'ठीक' म्हणजे खरंच ठीक. 'आज नुसता जवळ बस' म्हणजे काही विचारू नको. आणि 'नंतर सांगते' म्हणजे सांगेन, पण दोन दिवसांत सांगितलं नाही तर तू आठवण कर. नवऱ्याने परवा आठवण केली. मंगळवारचं अजून बाकी आहे.