पिकअपला किती वजनाचा ट्रेलर लावता येईल? हिशेबातल्या या चुका टाळा

माहितीपत्रकात ठळक अक्षरांत ‘टोइंग क्षमता ४७०० किलो’ असं छापलेलं. ट्रेलर भरून साधारण ३५०० किलोचा. वजाबाकी केली, १२०० किलो हातात उरले, विषय संपला. माझा पहिला हिशेब एवढाच होता. गाडीनं ट्रेलर ओढलाही मस्त, चढावर कुठे दमली नाही. पुढे एकदा सहज वजनकाट्यावर चढवली आणि मागच्या एक्सलचा आकडा बघून गप्पच झालो. ओढायला गाडीची ना नव्हती, पण तिची पाठ कधीच भरली होती.

पिकअपच्या बाबतीत बहुतेक वेळा असंच होतं. इंजिनाची ताकद शिल्लक असते, पण पाठीवर घ्यायची ताकद आधी संपते. खालच्या बऱ्याचशा चुकांचं मूळ इथेच आहे.

माहितीपत्रकातला आकडा आपल्या गाडीचा समजणे

तो आकडा त्या मॉडेलच्या सगळ्यात अनुकूल जुळणीचा असतो: छोटी केबिन, टू-व्हील ड्राइव्ह, मोठं इंजिन, टोइंग पॅकेज. तुमची डबल केबिन, फोर-व्हील ड्राइव्ह गाडी मुळातच जड, म्हणजे तिची क्षमता तेवढी कमी. एक्सल रेशोचा, म्हणजे एक्सलमधल्या गिअरच्या प्रमाणाचा, फरक तर डोळ्यांना दिसतही नाही. ३.३१ आणि ३.७३ रेशोच्या दोन गाड्या शेजारी उभ्या केल्या तर जुळ्या वाटतील, पण त्यांच्या टोइंगच्या आकड्यांत मोठी तफावत असू शकते.

अमेरिकेत एसएई जे२८०७ नावाचं चाचणीचं मानक आहे. त्यात ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमजवळच्या लांबलचक चढावर, एसी पूर्ण चालू ठेवून, गाडी ट्रेलरसकट किमान ठरावीक वेगानं चढली पाहिजे. चाचणी कडक आहे, पण गाडीत माणसं किती धरलीत? दोन, प्रत्येकी सुमारे ६८ किलो. हौदा जवळजवळ रिकामा. असा प्रवास आपण वर्षातून कितीदा करतो, ते ज्यानं त्यानं बघावं.

आपल्या गाडीचे खरे आकडे ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर आणि मॅन्युअलमध्ये असतात. चार आकडे कागदावर उतरवून घ्या: गाडीचं कमाल भरलेलं वजन म्हणजे जीव्हीडब्ल्यूआर, गाडी आणि ट्रेलर मिळून कमाल वजन म्हणजे जीसीडब्ल्यूआर, मागच्या एक्सलची मर्यादा आणि पेलोड, म्हणजे माणसं, सामान आणि ट्रेलरचा टेकलेला भार मिळून गाडी पाठीवर घेऊ शकते ते वजन.

पेलोड विसरणे

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, म्हणून इथे जरा थांबू.

समजा जीव्हीडब्ल्यूआर ३२०० किलो आणि रिकाम्या गाडीचं वजन २४०० किलो. म्हणजे पेलोड ८०० किलो. त्यातून चार माणसांचे ३०० किलो गेले. हौद्यातली अवजारांची पेटी, वरचं झाकण आणि सामान मिळून १५० किलो. हिचचं, म्हणजे ट्रेलर जोडायच्या सांध्याचं, लोखंड ३० किलो. झाले ४८०. उरले ३२० किलो.

आता ट्रेलर. तो गाडीच्या मागे नुसता बांधलेला नसतो, त्याचा पुढचा भाग गाडीवर टेकलेला असतो. त्या भाराला टंग वेट म्हणतात. साध्या बॉल हिचवर, म्हणजे ट्रेलर लोखंडी गोळ्यावर बसतो तिथे, ते ट्रेलरच्या भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के असावं लागतं. १२ टक्के धरले तर ३२० किलोत बसणारा ट्रेलर येतो साधारण २६५० किलोचा. १५ टक्के धरले तर जेमतेम २१३० किलोचा. माझ्या ३५०० किलोच्या ट्रेलरचं टंग वेट ४२० किलो, म्हणजे शंभर किलो जास्त. आणि माहितीपत्रकात ४७०० छापलेले!

दुसरी बाजूही तपासायची. जीसीडब्ल्यूआर ७३०० असेल तर त्यातून माणसं-सामान धरून भरलेल्या गाडीचे २८८० वजा करा. उरतात ४४२०. पेलोडनं २६५० सांगितलं, जीसीडब्ल्यूआरनं ४४२०. चालतो तो लहान आकडा. काही जण इथे टंग वेट दोन्हीकडे मोजतात आणि घाबरून जातात. जीसीडब्ल्यूआरच्या हिशेबात ते ट्रेलरच्या वजनात आधीच धरलेलं असतं, पुन्हा मोजायचं नाही.

फिफ्थ व्हील किंवा गूसनेक ट्रेलरचा भार हौद्यात, मागच्या एक्सलच्या आसपास बसतो आणि तो १५ ते २५ टक्के असतो. तिथे पेलोड आणखी लवकर संपतो.

मागच्या एक्सलवर टंग वेटएवढाच भार येतो असं धरणे

बॉल एक्सलच्या मागे लटकलेला असतो, त्यामुळे तरफेचा खेळ सुरू होतो. पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर ३.६ मीटर आणि बॉल मागच्या एक्सलच्या १.२ मीटर मागे असेल, तर ४२० किलोचा भार मागच्या एक्सलवर ५६० किलो होऊन बसतो. वरचे १४० किलो कुठून आले? पुढच्या चाकांवरून उचलले गेले. स्टिअरिंग हलकं लागतं आणि रात्री समोरचे लोक डिपर मारत सुटतात, त्याचं कारण हेच.

वेट डिस्ट्रिब्यूशन हिच लावली की हा भार काही प्रमाणात पुढच्या चाकांवर आणि ट्रेलरच्या चाकांवर परत जातो. गाडी सरळ बसते, ब्रेकही बरे लागतात. पण त्यानं जीव्हीडब्ल्यूआर वाढत नाही. मागच्या सस्पेन्शनला लावायच्या एअर बॅग किंवा जादा पाट्यांचंही तसंच. मागचा भाग वर आला म्हणजे क्षमता वाढली असं समजणारे बरेच भेटतात. बसकण गेली एवढंच, एक्सल, बेअरिंग, टायर आणि ब्रेक होते तेच आहेत.

टंग वेट अंदाजानं ठरवणे

भार पाठीमागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, हे बैलगाडीच्या काळापासून ठाऊक आहे. ट्रेलरमध्ये उलाळीचा परिणाम वेगानं जाताना दिसतो: ट्रेलर डावी-उजवीकडे झोके खाऊ लागतो आणि प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा. म्हणून जड सामान एक्सलच्या किंचित पुढे, साधारण ६० टक्के वजन पुढच्या अर्ध्यात. झोके सुरू झालेच तर ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग सरळ धरा, ट्रेलरचे ब्रेक हातानं लावायची सोय असेल तर तेवढेच लावा. गाडीचा ब्रेक करकचून दाबणं किंवा वेग वाढवून ‘ताणून सरळ करणं’ दोन्ही अंगाशी येतं.

टंग वेट घरीही मोजता येतं. सपाट जागी एका टोकाला वीट आणि दुसऱ्या टोकाला माणसांचं वजन करायचा काटा ठेवा, दोन्हींमध्ये तीन फूट अंतर. वर जाड फळी ठेवून काटा शून्यावर आणा. मग ट्रेलरच्या चाकांना अडण लावून त्याचं पुढचं टोक विटेपासून एक फुटावर फळीवर टेकवा. काट्यावरचा आकडा गुणिले तीन. १४० दिसले तर टंग वेट ४२०. फक्त ट्रेलर जोडल्यावर जेवढा आडवा राहतो तेवढाच आताही असला पाहिजे, नाहीतर आकडा फसवतो.

ट्रेलर रिकामा धरून हिशेब करणे

विक्रेता सांगतो ते बहुधा कोरं वजन. त्यात बॅटरी, गॅसच्या टाक्या, स्पेअर व्हील, छत्री-खुर्च्या काहीच नसतं. पाण्याची २०० लिटरची टाकी भरली की २०० किलो वाढले, आणि टाकी एक्सलच्या मागे असेल तर टंग वेट उलट कमी झालं. खात्री नसेल तर ट्रेलरचं स्वतःचं कमाल भरलेलं वजनच हिशेबात घ्या.

सगळ्यात कमकुवत कडी न शोधणे

गाडीला ट्रेलर जोडणारे भाग, म्हणजे रिसीव्हर, बॉल माउंट, बॉल, कपलर, साखळ्या: प्रत्येकावर आपापली मर्यादा कोरलेली असते. पाच टनी गाडीला दीड टनी बॉल लावला की ती दीड टनी झाली. ट्रेलरचे टायरही यातच धरा. त्यांच्यावरचा लोड इंडेक्स (टायर किती भार घेईल ते सांगणारा अंक) आणि वेगमर्यादा वाचा, हवा थंड असताना भरा.

ब्रेकचंही तसंच. युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये स्वतःचे ब्रेक नसलेल्या ट्रेलरला ७५० किलोची कमाल मर्यादा आहे. बऱ्याच पिकअपच्या मॅन्युअलमध्येही विनाब्रेक ट्रेलरचा आकडा वेगळा आणि फारच लहान दिलेला असतो, पण तो वाचला जात नाही. टर्बो नसलेलं इंजिन घेऊन घाट चढणार असाल तर उंचीही धरा: दर ३०० मीटरला साधारण तीन टक्के ताकद कमी होते.

काट्यावर एकदाच चढवणे

तीनदा चढवा. पहिल्यांदा नुसती गाडी, माणसं आणि सामानासकट. दुसऱ्यांदा ट्रेलर जोडून, पण त्याची चाकं काट्याच्या बाहेर ठेवून. तिसऱ्यांदा सगळं वर घेऊन. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की टंग वेट. तिसऱ्यातून पहिलं वजा केलं की ट्रेलरचं खरं वजन. तिसरा आकडा जीसीडब्ल्यूआरशी ताडायचा, दुसरा जीव्हीडब्ल्यूआरशी. वेट डिस्ट्रिब्यूशन हिचच्या भार वाटणाऱ्या दांड्या या तिन्ही वेळी सैल सोडलेल्या हव्यात. शक्य असेल तर दुसऱ्या फेरीनंतर गाडीची फक्त मागची चाकं काट्यावर घेऊन तोही आकडा लिहून घ्या. मी गप्प झालो होतो तो याच आकड्यावर. त्यानंतर अवजारांची पेटी हौद्यातून काढून ट्रेलरमध्ये, एक्सलच्या बरोबर वर नेली, दोन माणसं दुसऱ्या गाडीत बसवली आणि पुन्हा काट्यावर आलो.