बांधावरच्या भांडणाची केस: फिर्याद शेवटी वाच

नवा ज्युनिअर आला की पहिल्याच दिवशी मी त्याला सांगते, फिर्याद शेवटी वाच. 'सामाईक बांध का कोरला या कारणावरून शिवीगाळ करून, लाथाबुक्क्यांनी मारहाण करून जिवे मारण्याची धमकी दिली', हे वाक्य अंबाजोगाईच्या कोर्टात इतक्यांदा वाचलंय की मला तोंडपाठ आहे. माणसं बदलतात, वाक्य तेच.

आधी दवाखान्याचे कागद काढ. जखम कुठं, किती खोल, धारेची की मुक्या माराची. मागं माझ्याकडं चुलत्या-पुतण्याचं प्रकरण होतं. फिर्यादीत 'कुऱ्हाडीनं डोक्यात मारलं', नव्या भारतीय न्याय संहितेचं कलम 109, खुनाचा प्रयत्न, म्हणजे जुनं 307. सर्टिफिकेटात डोक्याला एकच फुटलेली जखम, हाड शाबूत. म्हणजे लागला तो तुंबा, कुऱ्हाडीची मागची बोथट बाजू, पातं नव्हे. हातात कुऱ्हाड असताना माणूस ती उलटी फिरवतो, एकदा मारतो आणि थांबतो, तर त्याच्या मनात काय होतं? हेतू डोळ्यांनी दिसत नाही. कोर्ट तो हत्यारावरून, माराच्या जागेवरून, वार किती केले यावरून, जुन्या वैरावरून काढतं. हत्यार घरून आणलं की शेतात हाताला लागलं, हेही बघतं.

पण जखम किरकोळ म्हणून 109 आपोआप गळत नाही, हेतू शाबीत झाला तर ते टिकतं. आणि माणूस दगावला असेल तर 'एकच वार होता' यावर निवांत राहू नको. 1958 च्या विरसा सिंग खटल्यात भाल्याचा एकच घाव होता, तरी सुप्रीम कोर्टानं खुनाची शिक्षा कायम ठेवली. नेमकी तीच जखम करायची होती का, आणि ती एरवी मरण यायला पुरेशी होती का, एवढंच बघितलं. जीव घ्यायचाच होता, हे वेगळं शाबीत करावं लागलं नाही.

मग आरोपींची नावं मोज. पाच झाली की बेकायदेशीर जमावाचं 190 लागतं आणि ज्यानं हात उचलला नाही तोही अडकतो. पाचाच्या आत असतील तर 3(5), समान इरादा. आमच्याकडं पाचाचा आकडा भरायला म्हातारी आजी आणि पुण्याला कामाला असलेला पोरगाही फिर्यादीत येतो. प्रत्येक नावापुढं लिही: हातात काय होतं, केलं काय, कोणता साक्षीदार म्हणतो. गर्दी मोठी असली की किमान दोन-तीन साक्षीदारांचं सुसंगत सांगणं हवं, ही सुप्रीम कोर्टाच्या मसलती खटल्यातली कसोटी तिथंच कामाला येते.

आता निवेदन पंचनामा, म्हणजे आरोपीनं सांगून वस्तू काढून दिल्याचा. आरोपी म्हणतो, 'ज्या कुऱ्हाडीनं चुलत्याला मारलं ती कडब्याच्या गंजीत ठेवलीय, काढून देतो.' यातलं 'गंजीत ठेवलीय, काढून देतो' एवढंच पुराव्यात येतं. 'मारलं' हे पोलिसांसमोरचं कबुलीचं बोलणं, ते बाहेर. हे पुलुकुरी कोटय्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या शेवटच्या अपिलाच्या कोर्टानं सांगितलं, 1947 चा रिपोर्ट. जुन्या पुरावा कायद्याचं कलम 27 आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या 23 मध्ये आलंय. पंच गावातलाच असतो, फितूर होतो. म्हणून त्याचा सगळा जबाब पुसला जात नाही, टिकणारा भाग कोर्ट घेऊ शकतं.

कुणी पाहिलंच नसेल तर साखळी जोडावी लागते. त्यासाठी 1984 चा शरद बिर्धीचंद सारडा निकाल मुळातून वाच. मयत सुनेचं माहेर आपल्या बीडचं. परिस्थितिजन्य पुराव्याच्या पाच कसोट्या तिथं आहेत, आणि आरोपी सुटला.

घटना 1 जुलै 2024 च्या आधीची असेल तर गुन्ह्याची नवी कलमं विसर, भादंवि, म्हणजे जुनी भारतीय दंड संहिताच लागणार.

फिर्याद आता वाच, पोलिसांनी घेतलेल्या साक्षीदारांच्या जबाबाशेजारी ठेवून. जबाब हा पुरावा नव्हे. पोलिसांना सांगितलं नव्हतं ते पिंजऱ्यात सांगितलं, एवढं उलटतपासणीत दाखवायला तो कामी येतो.

आणि कुणी व्हिडिओ काढला असेल तर त्या पोराला आजच फोन कर. साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं, त्यात हॅश व्हॅल्यू, म्हणजे त्या फाईलचा डिजिटल ठसा असतो. सोयाबीनचे पैसे आले की तो जुना मोबाईल देऊन नवा घेईल.