ज्युरासिक समुद्रकाकडी शोधायची तर आधी ॲसिडची बाटली बाजूला ठेवा
समुद्रकाकडी (तारामाशाच्या खानदानातलं समुद्रातलं जनावर) हिचे ज्युरासिक काळातले अवशेष दगडातून कसे काढायचे, असं जिऑलॉजीची पोरं सारखी विचारायलेत म्हणून एकदाच सगळं लिहितो. आपल्या मराठवाड्यातल्या काळ्या दगडात हे नाही सापडायचं, तो लाव्हा, तोही साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. ज्युरासिक म्हणजे 20 ते 14.5 कोटी वर्षांमागचं, त्या समुद्राचा गाळ बघायचा तर कच्छ नाहीतर जैसलमेर. कच्छच्या फील्ड ट्रिपला सगळे अमोनाइटच्या (गुंडाळलेल्या शंखासारखे जीवाश्म) मागं पळतात, तुम्ही परवानगी घेऊन मऊ राखाडी शेल (चिखल घट्ट होऊन झालेला पापुद्र्यांचा दगड) किलोभर आणा, पिशवीवर थर आणि जागा तिथंच लिहा.

समुद्रकाकडीचं अंग मऊ, मेली की कुजून जातं, मागं राहतात कातडीतले कॅल्साइटचे बारीक तुकडे, त्यांना स्क्लेराइट म्हणतात, बहुतेक एक मिलिमीटरच्या आतले. कॅल्साइट म्हणजे ॲसिडमध्ये खल्लास. मी पहिल्या वेळी शेल ॲसेटिक ॲसिडमध्ये टाकला होता, सकाळी नुसता चिखल, एक तुकडा नाही, अजून जिवाला लागतं ते.

मग करायचं काय, तर शेलचे बोराएवढे तुकडे करा आणि दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवा, आपल्याकडं उन्हाची काय कमी. पूर्ण वाळला तरच पुढचं जमतं, कारण रॉकेल कोरड्या छिद्रातच शिरतं. रॉकेलमध्ये तासभर बुडवा (चुलीपासून लांब, मोकळ्यावर), रॉकेल ओतून काढा आणि लगेच पाणी घाला, पाणी आत घुसून रॉकेलला बाहेर ढकलतं आणि दगड डोळ्यादेखत फुटून चिखल होतो, हे बघायला लई भारी वाटतं.

चिखल 63 मायक्रॉनच्या चाळणीवर हलक्या धारेनं धुवा, घासू नका. घाईत जाड चाळणी घेतली की स्क्लेराइट पाण्याबरोबर मोरीत जातात. आधीच्या सॅम्पलचे कण अडकलेले असतात, म्हणून चाळणी अगोदर मिथिलीन ब्लूत बुडवा, जुना कण निळा दिसला की सोडून द्यायचा.

वाळलेला गाळ काळ्या ट्रेवर पसरून मायक्रोस्कोपखाली 000 नंबरच्या ओल्या ब्रशनं टिपा. झाऱ्यासारखी भोकं असलेल्या चकत्या, गळासारखे आकडे, आणि चाकं! तुंबा, आरे, धाव, हुबेहूब बैलगाडीचं चाक, कणाएवढं. शंका आली तर पोलराइज्ड उजेडात (एकमेकांना काटकोनात लावलेल्या दोन पोलरायझर फिल्टरमधून) फिरवा, अख्खा तुकडा एकदम काळा पडला तर तो एकच क्रिस्टल, म्हणजे तारामाशाच्या खानदानातला. फोरॅमिनिफेरा (एकपेशी जिवांची बारीक कवचं) बहुतेक असे एकदम काळे पडत नाहीत.

एका जनावराच्या अंगात हजारो तुकडे असतात, तेही वेगवेगळ्या आकाराचे, म्हणून दहा चाकं मिळाली तर दहा समुद्रकाकड्या असं लिहू नका, आकाराचं नाव लिहा आणि पुढं थर.