शेवेचं पाकीट, पाण्याची बाटली आणि एक बादली

मुलांना प्लास्टिकबद्दल शिकवायचं म्हटलं की आधी घोषणा आणि तक्ते निघतात. ते राहू द्या. इंदूरची मुलं कचऱ्याच्या गाडीचं गाणं ऐकतच मोठी होतायत. ओला-सुका त्यांना पाठ आहे. गाडी गेल्यावर पुढे काय होतं, ते मात्र ठाऊक नसतं. सुदामानगरात आमच्या ओसरीवर रविवारी मुलं जमतात, तेव्हा मी तिथूनच सुरुवात करते.

आदल्या दिवशीच सांगून ठेवा: बाटली झाकणासकट, दुधाची पिशवी, शेवेचं रिकामं पाकीट, सगळं धुऊन, वाळवून आणा.

आधी बाटलीच्या तळाचा त्रिकोण शोधू द्या. आत १ असेल तर पीईटी, २ एचडीपीई, ५ पीपी. इथे मोठ्यांचीही गल्लत होते, म्हणून स्पष्ट सांगा: त्या आकड्यावरून प्लास्टिकची जात कळते, त्याचं रिसायकलिंग होईलच असं नाही.

मग बादलीभर पाणी. बाटलीचा आणि झाकणाचा तुकडा मोठ्यांनी कापून द्यावा. टाकण्याआधी प्रत्येकाला विचारा, कोणता बुडेल? तुकडे आधी पाण्याखाली दाबून हवेचे बुडबुडे झटकायचे, नाहीतर पातळ तुकडा उगाच वर राहतो. बाटलीचा तुकडा तळाशी जातो, झाकणाचा तरंगतो, कारण पीईटी पाण्यापेक्षा जड आणि झाकणाचं प्लास्टिक हलकं. कारखान्यातही बाटल्यांचा चुरा असाच पाण्याच्या टाकीत वेगळा करतात.

सगळ्यात जास्त वेळ शेवेच्या पाकिटाला द्या. मुठीत चुरगाळून सोडलं की ते परत उलगडतं. ॲल्युमिनियम फॉइल मात्र चुरगाळलेलीच राहते. म्हणजे आतली चकाकी हा प्लास्टिकवर चढवलेला धातूचा अगदी पातळ थर. हे थर सोडवणं फार अवघड, म्हणून अटालेवाला, म्हणजे भंगारवाला, असं पाकीट घेत नाही. पुष्कळदा ते सिमेंटच्या भट्टीत जळण म्हणून जातं. ‘मग असं बनवतातच कशाला?’ हा प्रश्न हमखास येतो, आणि तो टाळू नका. हवा आणि ओल लागली की शेव सादळते, तेल खवट होतं. एवढं सांगून थांबा. घरून डबा नेऊन सुटी शेव आणायची, हे मुलंच सुचवतात.

बंदीची यादी थोडक्यात आटपा: १ जुलै २०२२ पासून देशभर प्लास्टिकचे स्ट्रॉ, चमचे, ताटल्या बंद आहेत. जळत्या प्लास्टिकचा वास घेऊन ते ओळखायची रीत मुलांना दाखवूच नका, तो धूर विषारी असतो.

जमलं तर अटालेवाल्या काकांना चहाला बोलवा. काय घेतात, काय परत करतात, ओल्या-तेलकट मालाचा भाव का पडतो, हे त्यांच्याकडूनच ऐकू द्या. माझ्या मते अख्ख्या वर्गातला हा सर्वांत मोलाचा भाग.

घरी करायला एकच काम द्या. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडायचा नाही, लटकता ठेवायचा. सुटा तुकडा नालीत गेला की कोणाच्याच हाती लागत नाही. पिशवी विसळून दोरीवर वाळवायची आणि मग गाडीच्या प्लास्टिकच्या कप्प्यात टाकायची.