शेळीची वाढलेली खुरं साळताना

खडकाळ रानात चरणाऱ्या शेळीची खुरं आपोआप झिजतात. परसात मऊ मातीवर बांधलेल्या शेळीची मात्र वाढतच राहतात. बाहेरची कड तळव्याखाली दुमडते, त्या घडीत लेंड्या आणि चिखल कोंदतो. तिथल्या कोंदट ओलीत हवा पोचत नाही आणि खुरसड्याचे जंतू फोफावतात. म्हणून दर 6 ते 8 आठवड्यांनी चारही पाय उचलून बघावेतच.

खूर ओलं असताना मऊ असतं, त्यामुळे पाऊस पडून गेल्यावर किंवा दंवातून चरून आल्यावर साळायला घ्या. कोरडं खूर कापताना जोर लावावा लागतो आणि कात्री सटकते. धारदार छाटणीची कात्री, ताठ ब्रश, कानस, टिंक्चर आयोडीन आणि रक्त थांबवणारी पावडर आधीच हाताशी ठेवा.

शेळीला आखूड दाव्यानं बांधा, अंगानं भिंतीला टेकवा, पुढ्यात थोडा खुराक ठेवा. पुढचा पाय गुडघ्यात मुडपून धरायचा. मागचा सरळ मागे घ्यायचा, तोही फार वर नाही. बाजूला ओढलात तर तिचा सांधा दुखतो आणि ती झटका देणारच.

आधी ब्रशनं सगळी घाण काढा, दोन खुरांमधलीसुद्धा. मग दुमडलेली कड टाचेकडून टोकाकडे कापत या आणि तळव्याच्या पातळीला आणा. वाढलेलं टोक छाटा. टाच उंच असेल तर तीही थोडी उतरवा. तळव्याच्या मात्र कागदासारख्या पातळ चकत्याच काढायच्या. पांढरट तळव्यावर गुलाबी झाक दिसू लागली की तिथेच थांबा, तिच्यामागे लगेच रक्त आहे. आकार कसा हवा ते नुकत्या जन्मलेल्या करडाच्या पायाकडे बघून कळतं: केस संपतात ती रेघ आणि तळवा समांतर, टोक बोथट.

रक्त आलंच तर पावडर लावून काही मिनिटं घट्ट दाबून धरा, थांबल्यावर आयोडीन लावा आणि शेळी कोरड्या जागी ठेवा.

चपलेसारखं वर वळलेलं खूर एका दिवसात सरळ करू नका. फार वाढलेल्या खुरात आतला जिवंत भागही पुढे सरकलेला असतो. दर 1-2 आठवड्यांनी थोडं थोडं घेत चला. व्यायला आलेल्या शेळीची ओढाताण टाळा.

कुजका वास, खुरांच्या बेचक्यात लाली, लंगडणं ही खुरसड्याची लक्षणं. अशी शेळी वेगळी बांधा, पशुवैद्याला दाखवा, आणि कात्री धुऊन निर्जंतुक केल्याशिवाय दुसरीला लावू नका. 10 टक्के झिंक सल्फेटच्या पाण्यात पाय बुडवण्याचा उपयोग होतो, पण गोठा ओला राहिला तर दुखणं परत येतं.

शेळी धरलेलीच आहे तर खालची पापणी ओढून बघा. लालसर असेल तर ठीक. पांढरीफटक असेल तर बहुधा जंत रक्त पीत आहेत, जंतनाशकासाठी पशुवैद्याला लगेच विचारा.