दृश्यकलेच्या पदवीचा अभ्यास कसा करावा

दृश्यकलेची पदवी घेऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यापुढची खरी अडचण ही असते की अभ्यास म्हणून रोज नेमके काय करायचे, हे त्याला कोणी स्पष्टपणे सांगत नाही. इतर शाखांत पाठ्यपुस्तक असते, प्रकरणे असतात, प्रश्नपत्रिकेचे स्वरूप ठरलेले असते. येथे मात्र स्टुडिओत एक विषय दिला जातो, काही आठवड्यांची मुदत मिळते आणि अखेरीस भिंतीवर लावलेल्या कामाकडे पाहून गुण दिले जातात. त्यामुळे हात चांगला असला की झाले, असा समज सहज रूढ होतो. तो अपुरा आहे. परीक्षक पूर्ण झालेल्या चित्राबरोबरच विद्यार्थी त्या चित्रापर्यंत कसा पोहोचला, त्याने कोणते पर्याय तपासले आणि कोणते का सोडून दिले, हेही पाहतात. म्हणून आपले निर्णय कागदावर उतरवणे आणि ते पुन्हा पुन्हा तपासून पाहणे, हाच या अभ्यासाचा कणा मानावा.

प्रवेश घेण्यापूर्वी

संस्था निवडताना इमारत आणि नावलौकिक यांपेक्षा चार गोष्टींची चौकशी करावी: आठवड्यात स्टुडिओचे तास किती, वर्ग संपल्यानंतर कार्यशाळा वापरता येते का, पहिल्या वर्षी सर्व शाखांची ओळख करून दिली जाते का, आणि अंतिम वर्षाचे प्रदर्शन पाहण्यास खुले असते का. शक्य असल्यास ते प्रदर्शन अवश्य पाहावे. सर्व विद्यार्थ्यांची कामे एकाच हाताने केल्यासारखी दिसत असतील, तर तेथे शिक्षकाची शैली शिकवली जाते, असे समजण्यास हरकत नाही.

प्रवेशासाठी पोर्टफोलिओ, म्हणजे स्वतःच्या निवडक कामांचा संच, मागितला जात असेल, तर त्यात छायाचित्रावरून घोटून काढलेली व्यक्तिचित्रे भरू नयेत. समोरची वस्तू पाहून केलेली दहा साधी रेखाटने परीक्षकाला अधिक सांगून जातात, कारण छायाचित्रात त्रिमितीचे द्विमितीत रूपांतर आधीच झालेले असते, आणि विद्यार्थ्याने नेमके तेच स्वतः करून दाखवायचे असते.

पायाभूत वर्ष गांभीर्याने घ्यावे

शाखा ठरवण्याआधी सर्वांना सामाईक शिक्षण देण्याच्या पद्धतीला बाउहाउस या जर्मन कलाशाळेने ठळक रूप दिले. १९१९ मध्ये वायमार येथे सुरू झालेल्या या संस्थेत योहानेस इटेन यांनी प्राथमिक अभ्यासक्रम आखला आणि लाकूड, कापड, काच, कागद असे पदार्थ प्रत्यक्ष हाताळून त्यांचे पोत आणि विरोध ओळखायला लावले. आजही अनेक ठिकाणी पहिल्या वर्षाचा साचा साधारण तसाच आहे. 'मला चित्रकार व्हायचे आहे, मग मी तार वाकवण्यात वेळ का घालवू?' असे अनेकांना वाटते. तारेने काढलेली रेषा अवकाशातून वळते आणि प्रत्येक बाजूने वेगळी दिसते; हे ज्याने हाताने अनुभवले आहे, त्याची कागदावरची रेषाही बदलते.

रेखाटनाच्या सरावासाठी एक साधी खुर्ची पुरेशी आहे. ती खुर्ची म्हणून काढायला घेतली, की मनात आधीच असलेली खुर्ची कागदावर उतरते: बसण्याची जागा नेहमीपेक्षा रुंद होते आणि चारही पाय सारख्या लांबीचे होतात. त्याऐवजी पायांच्या मधल्या, पाठीच्या पट्ट्यांमधल्या आणि खुर्चीच्या भोवतालच्या मोकळ्या जागांचे आकार काढावेत. या आकारांना नाव नसते, त्यामुळे स्मरणातला ठोकळेबाज आकार मध्ये येत नाही आणि डोळ्याला खरोखर मोजमाप करावे लागते. पेन्सिल हात सरळ ठेवून डोळ्यासमोर धरावी, एक डोळा मिटावा, एका पायाची उंची एकक म्हणून घ्यावी आणि बाकी सर्व अंतरे त्या एककात मोजावीत. रेखाटन झाल्यावर ते आरशात पाहावे; उलट दिसणाऱ्या प्रतिमेत कललेले अक्ष आणि चुकलेली प्रमाणे चटकन लक्षात येतात.

रंगाचा अभ्यास नळीतल्या रंगांच्या नावांपासून सुरू करू नये. पॅरिसच्या गोबेलँ या विणकामशाळेत रंगाई विभागाचे प्रमुख असलेले रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांच्याकडे काळा धागा फिका पडतो, अशी तक्रार आली होती. तपासणीत त्यांना आढळले की दोष रंगद्रव्यात नसून त्या काळ्याच्या शेजारी विणलेल्या निळ्या-जांभळ्या धाग्यांच्या परिणामात आहे. शेजारचे रंग एकमेकांचे रूप बदलतात, हा नियम त्यांनी १८३९ मध्ये विस्ताराने मांडला. तो स्वतः पडताळण्यासाठी करड्या कागदाचा एकच तुकडा दोन भागांत कापावा, एक भाग काळ्या कागदावर आणि दुसरा पांढऱ्या कागदावर ठेवावा. पहिला उजळ आणि दुसरा गडद दिसेल. तोच करडा भडक नारिंगीवर ठेवला, तर त्यात निळसर झाक जाणवेल. म्हणूनच पॅलेटवर अचूक मिसळलेला रंग चित्रात लावल्यावर चुकीचा दिसू शकतो, आणि रंग नेहमी चित्रातल्या शेजारच्या रंगाजवळ लावून पाहावा लागतो.

स्केचबुक हीच खरी वही

स्केचबुक सुबक ठेवण्याच्या नादात ते निरुपयोगी होते, असे माझे स्पष्ट मत आहे. पाने फाडू नयेत, चुकलेले खोडू नये, प्रत्येक पानावर तारीख घालावी आणि रेखाटनाशेजारी एक-दोन वाक्ये लिहावीत: काय तपासत होतो, काय जमले नाही, पुढे काय करून पाहायचे. एखाद्या विषयावर मोठे काम हाती घेण्यापूर्वी आगपेटीएवढ्या चौकटीत किमान वीस लहान आराखडे करावेत. पहिले पाच-सहा सगळ्यांनाच सुचतात; त्यानंतर हात अडतो, आणि तेथून पुढे स्वतःचा विचार सुरू होतो.

प्रक्रियेची नोंद किती मोलाची असते, याचे उत्तम उदाहरण पिकासोच्या १९३७ मधील 'गेर्निका' या चित्राचे आहे. त्याची अनेक पूर्वरेखाटने उपलब्ध आहेत आणि चित्र रंगवले जात असताना छायाचित्रकार डोरा मार यांनी त्याच्या बदलत्या अवस्थांची छायाचित्रे घेतली होती. एके काळी वर उगारलेला मुठीचा हात रचनेतून कसा नाहीसा झाला, हे त्या छायाचित्रांत दिसते. विद्यार्थ्यानेही प्रत्येक दिवसाचे काम थांबवताना एकाच जागेवरून एक छायाचित्र घ्यावे. मोबाईल पुरेसा आहे. मूल्यमापनाच्या वेळी ही छायाचित्रे उपयोगी पडतातच. शिवाय चित्र कोणत्या दिवशी बिघडले, हेही त्यांतून कळते.

साहित्याचे ज्ञान आणि मुदतीचे गणित

साहित्याचा स्वभाव माहीत नसल्यामुळे जितकी कामे वाया जातात, तितकी कौशल्याच्या अभावी जात नाहीत. ॲक्रिलिकमधले पाणी उडून गेले की ते वाळते. तैलरंगातले जवसाचे तेल मात्र हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून घट्ट होते, आणि या क्रियेला पातळ थरात काही दिवस तर जाड थरात कित्येक महिने लागतात. खालचा थर तेलकट आणि वरचा कोरडा ठेवला, तर वरचा आधी कडक होतो, खालचा हालत राहतो आणि पृष्ठभागाला तडे जातात. म्हणून वरच्या थरात तेलाचे प्रमाण वाढवत न्यावे. तैलरंगावर ॲक्रिलिक लावू नये. रंगाच्या नळीवरचा प्रकाशस्थैर्याचा दर्जाही वाचावा. व्हॅन गॉग यांनी १८८८ मध्ये आपल्या शयनगृहाचे चित्र काढताना भिंती फिकट जांभळ्या असल्याचे पत्रात लिहिले होते. आज त्या निळ्या दिसतात, कारण मिश्रणातला तांबडा रंग प्रकाशाने उडाला.

याच ज्ञानातून वेळापत्रक तयार होते. शिल्पशाखेचा विद्यार्थी मुदतीच्या आठवड्यात मातीची वस्तू पूर्ण करतो आणि ती ओलसर असतानाच भट्टीत द्यायला निघतो. आतल्या पाण्याची वाफ होऊन वस्तू फुटते, आणि तिच्याबरोबर शेजारच्याचेही काम जाते. मातीची जाडी, सावकाश वाळवण्याचे दिवस, भट्टीची पाळी, भाजणे, भट्टी पूर्ण थंड होणे, झिलई आणि दुसरी भाजणी, हे सारे सादरीकरणाच्या तारखेपासून मागे मोजत यावे. मुद्राचित्रणातही, म्हणजे कोरलेल्या पत्र्यावरून किंवा ठोकळ्यावरून कागदावर ठसे काढताना, पहिला चांगला ठसा मिळेपर्यंत किती चाचणी ठसे लागतील, हे आधी सांगता येत नाही. त्यामुळे प्रेसची वेळ आधीच नोंदवून ठेवावी.

स्टुडिओतील सुरक्षिततेबाबत हयगय चालत नाही. जवसाचे तेल पुसलेल्या चिंध्यांचा ढीग स्वतःच्या उष्णतेने पेटू शकतो. त्या पाण्यात भिजवून झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवाव्यात. टर्पेंटाइन वापरताना हवा खेळती हवी. पेस्टलची भुकटी फुंकरीने उडवू नये. प्लास्टर घट्ट होताना चांगलेच तापते, म्हणून त्यात हात बुडवून साचा घेण्याचा प्रयत्न कधीही करू नये, आणि उरलेले प्लास्टर सिंकमध्ये ओतू नये. ते नळीत घट्ट बसते.

समीक्षेला सामोरे जाणे

वर्गासमोर काम लावून त्यावर चर्चा होते, तेव्हा बहुतेक विद्यार्थी बचाव करण्यात वेळ दवडतात. माझा हेतू असा होता, वेळ कमी पडला, कागद चांगला नव्हता. हे काहीही न सांगता आधी इतरांना काय दिसते ते ऐकावे. 'चांगले वाटते' या शेऱ्यातून काही शिकता येत नाही, म्हणून आपणच नेमका प्रश्न विचारावा: तुमची नजर प्रथम कोठे जाते? ही आकृती मागे आहे असे वाटते की पुढे? खालचा डावा कोपरा झाकला, तर चित्राचे काही बिघडते का? ऐकलेले लिहून घ्यावे आणि त्यातले काय स्वीकारायचे, हे दुसऱ्या दिवशी ठरवावे. तिघांनी वेगवेगळ्या शब्दांत एकाच जागेकडे बोट दाखवले, तर त्यांनी सुचवलेला उपाय पटला नाही तरी दोष तेथेच आहे, असे धरून चालावे.

इतिहास आणि लेखन

कलेच्या इतिहासाचा पेपर परीक्षेच्या आदल्या रात्री सनावळ्या पाठ करून सुटतो, पण त्याचा स्टुडिओला काही उपयोग होत नाही. प्रत्येक आठवड्याला एकच कलाकृती घ्यावी, तिच्याबद्दल काहीही वाचण्यापूर्वी अर्धा तास पाहावी, तिची रचना लहान आकारात रेखाटावी आणि मगच पुस्तक उघडावे. मोजमाप नेहमी लिहून ठेवावे. पडद्यावर व्हर्मीरची 'लेस विणणारी स्त्री' आणि 'गेर्निका' सारख्याच आकाराच्या दिसतात; प्रत्यक्षात पहिले चित्र सुमारे २४ बाय २१ सेंटीमीटरचे आहे, तर दुसऱ्याची रुंदी पावणेआठ मीटरच्या आसपास आहे. एक जवळ जाऊन वाचावे लागते आणि दुसऱ्यासमोर चालावे लागते, हा फरक छपाईत हरवतो. मूळ कलाकृती पाहण्याची संधी मिळाली, तर पंचवीस चित्रांसमोरून जाण्यापेक्षा दोनांसमोर उभे राहावे.

स्वतःच्या कामाविषयी निवेदन लिहिताना मोठे शब्द टाळावेत. 'माझे काम अस्तित्वाच्या गूढ प्रवासाचा वेध घेते' हे वाक्य कोणाच्याही चित्राखाली चालते, म्हणून ते कोणाच्याच उपयोगाचे नाही. 'घर बदलताना भिंतीवर राहिलेल्या चौकटींच्या खुणा मी तांब्याच्या पत्र्यावर कोरून घेते आणि एकाच पत्र्याचे फिके होत जाणारे ठसे काढते' असे लिहिले, की वाचणाऱ्याला विषय, माध्यम आणि त्यांचा संबंध एकदम कळतो.

दुसऱ्याच्या प्रतिमा वापरल्या असतील, तर स्रोत नोंदवावा. अभ्यासासाठी जुन्या चित्राची नक्कल करणे पूर्वापार मान्य आहे. फक्त मागे मूळ चित्रकाराचे नाव लिहावे. संगणकाकडून तयार करून घेतलेल्या प्रतिमांबाबत संस्थेचा नियम वाचावा आणि त्यांचा वापर झाला असल्यास तो उघडपणे सांगावा.

अंतिम वर्ष

अंतिम वर्षात एकच भव्य चित्र करण्याचा मोह होतो. त्यापेक्षा एका प्रश्नाभोवती फिरणारी कामांची मालिका करावी. मोनेने रुआँच्या कॅथेड्रलचा एकच दर्शनी भाग तीसहून अधिक कॅनव्हासांवर रंगवला. विषय बदलायचा नाही असे ठरवल्यामुळे बदलणारा प्रकाश हाच विषय झाला. मालिकेतले एखादे काम फसले, तरी उरलेली कामे उभी राहतात.

कामांची छायाचित्रे काढताना चित्र उभे आणि सपाट ठेवावे, कॅमेरा त्याच्या मध्याच्या उंचीवर समांतर धरावा, दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर ४५ अंशांत सारखे दिवे लावावेत आणि फ्लॅश बंद ठेवावा. फाइलला नाव, शीर्षक, वर्ष आणि माप असे नाव द्यावे. माप लिहिताना चित्रकलेत सामान्यतः आधी उंची आणि नंतर रुंदी लिहितात.

प्रदर्शनात चित्रांचा मध्य जमिनीपासून साधारण दीड मीटरवर यावा आणि दोन चित्रांमध्ये पुरेशी मोकळी भिंत राहावी. जागा कमी असेल, तर दाटी करण्यापेक्षा एक काम काढून ठेवावे. प्रदर्शन उतरवल्यावर तैलचित्रे फुगेवाल्या प्लास्टिकमध्ये थेट गुंडाळू नयेत, कारण न मुरलेल्या रंगावर त्या फुग्यांचे ठसे उमटतात. आधी चिकटणार नाही असा गुळगुळीत कागद लावावा, कोपऱ्यांना पुठ्ठा बसवावा आणि मागे माध्यम, वर्ष व पत्ता लिहून चित्रे उभी ठेवावीत.